सराफा की छप्पन दुकान? लहान मूल सोबत असेल तर

इंदूरच्या खाण्यावर जे काही लिहिलं जातं ते मोठ्या माणसाच्या भुकेने लिहिलेलं असतं. कुठे तूप जास्त, कुठे गर्दी कमी, रात्री किती वाजेपर्यंत काय मिळतं. इथे मोजपट्टी वेगळी आहे. दोन ते दहा वर्षांचं मूल घेऊन गेलं तर त्याची खाण्याशी गट्टी जमते की फाटतं, एवढ्यावरच सराफा आणि छप्पन दुकान या इंदूरच्या दोन खाऊगल्ल्या तपासल्या आहेत. निकाल आधीच सांगून टाकतो: सहा वर्षांखालच्या मुलासाठी छप्पन दुकान, आणि तेही सकाळी. सराफा सात-आठ वर्षं पूर्ण झाल्यावर, आणि उपाशीपोटी तर कधीच नाही. यात स्वच्छतेचा मुद्दा फारसा नाही. दोन्ही ठिकाणांना एफएसएसएआय या केंद्रीय अन्नसुरक्षा संस्थेचं स्वच्छ खाऊगल्लीचं प्रमाणपत्र मिळालेलं आहे. मुद्दा वेळेचा, उंचीचा आणि मुलाला 'नको' म्हणायला किती जागा मिळते याचा आहे.

एक वर्षाचं असताना समोर येईल ते खाणारं मूल दोन वर्षांचं झालं की हिरवं काही दिसताच तोंड फिरवतं, हे प्रत्येक घराला माहीत आहे. नव्या पदार्थाची ही भीती साधारण दोन ते सहा या वयात सगळ्यात जास्त असते. ती हट्टीपणा नव्हे, वाढीचा भाग आहे. लीअन बर्च आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात लहान मुलांवर केलेल्या प्रयोगांतून दिसलं की नवा पदार्थ आवडायला तो अनेकदा, साधारण आठ ते पंधरा वेळा, चाखावा लागतो. नुसता बघून भागत नाही, जिभेला लागावा लागतो. गिळलाच पाहिजे असं मात्र नाही. बहुतेक घरांत तिसऱ्या-चौथ्या नकारानंतर 'आमच्या बाळाला हे आवडत नाही' असा शिक्का बसतो, आणि मग मूलही तो शिक्का मिरवू लागतं.

आता हे डोक्यात ठेवून सराफ्यात चला. दिवसा सोन्याचांदीचा बाजार, रात्री आठनंतर सराफांच्या दुकानांची शटर उतरली की त्यांच्याच ओट्यांसमोर गाड्या लागतात, आणि खरी रंगत नऊनंतर. म्हणजे तीन-चार वर्षांच्या मुलाच्या झोपेची वेळ. गल्ली अरुंद, शनिवारी पाय ठेवायला जागा नाही. मालपुव्याची कढई आणि टिक्कीचा तवा मोठ्याच्या कमरेला लागतो, म्हणजे मुलाच्या बरोब्बर तोंडासमोर. धूर आणि तेलाचे थेंब खाली उडतात. कडेवर घेतलं तर घेणाऱ्याच्या एका हातात प्लेट, दुसऱ्या हातात पेंगुळलेलं मूल, आणि घास भरवायला तिसरा हात नाही. वर दहा मिनिटांत वीस नवे पदार्थ, नवे वास, भोंगे आणि हाका. एवढ्या सगळ्यात चार वर्षांचं मूल एकाच गोष्टीला होकार देतं: गोड. गोड ओळखीचं असतं, जन्मापासून आवडतं असतं. मग आईबाप म्हणतात, 'बघा, जिलबीशिवाय काही खातच नाही.' त्याने खावं तरी काय?

छप्पन दुकान नव्या पलासियात आहे. २०२० साली तिथला रस्ता वाहनांना बंद झाला आणि बसायची सोय झाली. मूल मांडीवर न घेता शेजारी बसतं, पाय टेकतात, समोर काय आहे ते दिसतं. नको असेल तर प्लेट बाजूला सरकवायला जागा असते. हे किरकोळ वाटेल, पण 'नको' म्हणता येणं हीच तर सगळ्यात मोठी सोय. सकाळी आठ-साडेआठला मूल जागं असतं, भुकेलं असतं आणि पोहे कढत असतात. नंतर गर्दी वाढते. रविवारी दहानंतर जाऊन जागा नाही म्हणून चिडू नये.

पोह्यांवर मात्र नीट थांबायला हवं, कारण इंदुरी मराठी घरातलं मूल दोन प्रकारच्या पोह्यांवर वाढतं. घरचे कांदेपोहे फोडणीत परततात: कांदा, बटाटा, शेंगदाणे, वरून ओलं खोबरं. दुकानातले इंदुरी पोहे वाफेवर राहतात. जाडे पोहे धुऊन निथळतात, हळद-मीठ-साखर लावतात, मोहरी, बडीशेप आणि हिरव्या मिरचीची बेताची फोडणी देतात आणि उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर परात ठेवून सगळं गरम ठेवतात. म्हणून ते तासाभरानेही वातड होत नाहीत. वरून कच्चा कांदा, कोथिंबीर, शेव, लिंबू, कुठे डाळिंबाचे दाणे, आणि जिरावण हा इंदुरी कोरडा मसाला. मुलाच्या दृष्टीने यातली गंमत अशी की तळाचा पदार्थ मऊ, गोडसर आणि ओळखीचा आहे. अनोळखी जे आहे ते सगळं वर आहे आणि वेगळं मागता येतं. दुकानदाराला एवढंच सांगायचं: 'भिया, एक में जीरावन-प्याज अलग से देना.' कोणी नाही म्हणत नाही.

अर्धी प्लेट मागवा. अर्धी मिळत नसेल तर मोठ्यांच्या प्लेटमधून घरून नेलेल्या छोट्या वाटीत काढा. आहारतज्ज्ञांचा ढोबळ अंदाज असा की मुलाच्या वयाच्या प्रत्येक वर्षाला एका पदार्थाचा एक मोठा चमचा वाढून सुरुवात करावी. तीन वर्षांच्या मुलाला पोह्यांचे तीन मोठे चमचे पुरे, हवे असतील तर ते मागतं. आख्खी प्लेट पुढे ठेवण्यात काय बिघडतं? बार्बरा रोल्स यांच्या २०००च्या अभ्यासात साडेतीन वर्षांच्या आसपासची मुलं, ताटात कमी वाढलं काय आणि जास्त वाढलं काय, तेवढीच खात होती. पाच वर्षांच्या आसपासची मुलं मात्र मोठं ताट बघून जास्त खाऊ लागली. म्हणजे पोट भरल्याचं आतून कळणं या वयात हळूहळू मागे पडतं आणि ताट बघून खाणं शिकलं जातं. ते कुठे शिकतात, हे सांगायला नकोच.

चार वर्षांखालच्या मुलाला आख्खे शेंगदाणे देऊ नयेत, श्वासनलिकेत अडकतात. डाळिंबाचे दाणे चमच्याने ठेचावेत. शेव पोह्यांत मिसळून मिनिटभर मऊ होऊ द्यावी; कोरडी शेव तोंडात कोंबून पळणारं मूल ठसकणारच.

जिरावणाबद्दल बाहेरचे लोक फार घाबरवतात. जिरं, धणे, बडीशेप, सुंठ, हिंग, लवंग, दालचिनी, आमचूर, काळं मीठ आणि लाल मिरची. यातलं तिखट म्हणजे मिरची आणि थोडी सुंठ; बाकी बरंचसं मराठी मुलाच्या नाकाला आधीच ओळखीचं असतं. कसं? मेतकुटातून. मेतकूट-भातावर वाढलेल्या मुलाला जिरं, धणे, हिंग, सुंठ, हळद यांचा एकत्र वास पहिल्या वर्षापासून माहीत असतो. म्हणून पूल बांधायचा तर इथून: घरी मऊ भातावर तूप-मेतकूट घालताना त्यात चिमटीच्या टोकावर मावेल एवढं जिरावण मिसळा, दोन आठवडे तेवढंच ठेवा, मग किंचित वाढवा. छप्पनला गेल्यावर पोह्यांवर तीच चव भेटली की मूल बिचकत नाही. जिरावणात मीठ भरपूर असतं, त्यामुळे ते घातलं की भातात मीठ घालू नका. आणि एक वर्षाखालच्या बाळाला हा प्रयोग नकोच.

तिखटाची सवय कशी लागते याचं सुंदर काम पॉल रोझिन आणि डेबोरा शिलर यांनी मेक्सिकोतल्या एका गावात केलं, १९८० साली छापून आलं. तिथली मुलं पाच-सहा वर्षांची होता होता मिरची आवडीने खाऊ लागतात. आईबाप त्यासाठी बळजबरी करत नाहीत की बक्षीसही देत नाहीत. मोठी माणसं रोज चवीने खाताना दिसतात, वाटी समोर असते, मूल आपणहून बोट बुडवतं. त्याच गावातली कुत्री आणि डुकरं रोज मिरचीचं उष्टं खात होती, पण त्यांना काही तिखटाची आवड लागली नव्हती! म्हणजे नुसतं पोटात जाऊन भागत नाही, सोबत जेवणारी माणसं लागतात. इंदुरात वेगळी दिलेली जिरावणाची पुडी हेच काम करते. ती मुलाच्या हाताला लागेल अशी ठेवा आणि गप्प बसा. जीभ पोळली तर पाणी पाजू नका. मिरचीतला दाहक घटक पाण्यात विरघळत नाही. दही किंवा दूध द्या.

आता जिलबी. इंदूरचं या बाबतीत कौतुक करायलाच हवं. इथे पोहे आणि जिलबी एकाच वेळी, एकमेकांना खेटून येतात. एक घास तिखट-आंबट, एक तुकडा गोड, पुन्हा पोहे. गोड शेवटी यायची वाट बघत नाही. आणि नेमकी हीच चांगली रीत आईबाप मोडतात: 'आधी पोहे संपव, मग जिलबी.' या एका वाक्यात मुलाला दोन गोष्टी कळतात. पोहे हे काम आहे, जिलबी ही मजुरी आहे. बर्च यांच्या १९८०च्या प्रयोगात जो पदार्थ बक्षीस म्हणून दिला तो मुलांना अधिक आवडू लागला होता. जेनिफर फिशर आणि बर्च यांनी १९९९ साली दाखवलं की समोर दिसतोय पण हात लावायचा नाही असं सांगितलेल्या पदार्थाकडे मुलांचं लक्ष आणखी ओढलं जातं. त्यामुळे घरात जिलबी बंद ठेवणारे आणि जिलबीची लाच देणारे शेवटी एकाच ठिकाणी पोचतात. असं मूल पुढे वसतिगृहात गेलं की त्याने पहिल्या महिन्यात पाव-पाव किलो गोड आणून खोलीचं दार लावून खाल्लं तर नवल नाही.

मग द्यायची किती? चार ते सहा वर्षांच्या मुलाची दिवसाची ऊर्जेची गरज राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशेबाने साधारण १३६० किलोकॅलरी आहे, आणि वरून घातलेली साखर त्याच्या दहा टक्क्यांच्या आत असावी असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. हे दिवसाकाठी ३४ ग्रॅम झाले, आठेक छोटे चमचे. एक मध्यम जिलबी यात बसते, पण मग त्या दिवशी बिस्कीट आणि सरबत नाही. ही एक जिलबी पोह्यांबरोबरच प्लेटमध्ये ठेवायची, आधी खाल्ली तरी चालेल, पोहे राहिले तरी चालेल, आणि दुसरी नाही. 'आज एवढीच आहे' हे वाक्य नेहमीच्या आवाजात म्हणायचं, ओरडून नको. आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी केलेली कामाची वाटणी इथे चपखल बसते: काय, कधी आणि कुठे खायचं हे मोठ्यांनी ठरवायचं, त्यातलं किती खायचं आणि खायचं की नाही, हे मुलाने. पहिले एक-दोन रविवार पोहे तसेच राहतील. भूक लागेल. दोन तासांनी घरी वरणभात आहेच, मध्ये खारी-टोस्ट देऊन तो हिशेब बिघडवू नका. दोन वर्षांखालच्या बाळाला साखर घातलेलं काही नको, त्यामुळे जिलबीही नाही. शिवाय कढईतून आलेल्या जिलबीतला पाक बाहेरून गार वाटतो, आत पोळतो आणि जिभेला चिकटून राहतो. मोडून तीन-चार मिनिटं थांबा.

या शहरात अजून एक मराठी घरगुती नियम प्लेटवर येऊन बसतो: पानात टाकायचं नाही. अन्नाचा मान राखण्यात चूक काहीच नाही, पण मान राखायची जबाबदारी वाढणाऱ्याची आहे. एमी गॅलोवे यांच्या २००६च्या अभ्यासात मुलांना सूप संपवायचा आग्रह केला तेव्हा मुलांनी ते कमी खाल्लं आणि नाकंही जास्त मुरडली. आग्रह नव्हता तेव्हा जास्त प्यायलं. लहानपणी बळजबरीने खाऊ घातलेला पदार्थ पुढे कॉलेजच्या वयात बहुतेकजण खात नाहीत, असंही अमेरिकेतल्या एका पाहणीत दिसलं होतं. दुधी, कारलं, शेपू यांची नावं काढताच ज्यांचा चेहरा बदलतो अशी पन्नाशीची माणसं रामबागेत आणि सुदामा नगरात हवी तेवढी सापडतील. उपाय साधा आहे. घरातली माणसं जेवढी, त्यापेक्षा एक प्लेट कमी मागवा, मुलाचं उरलेलं मोठ्यांनी संपवा आणि ते संपवताना तोंडातून चकार शब्द काढू नका. 'एक घास काऊचा, एक घास चिऊचा' हे गाणं वर्षा-दीड वर्षाच्या बाळाला गंमत म्हणून छान. पोट भरल्यावर भरवायची युक्ती म्हणून वाईट. मोबाईल दाखवून भरवणं त्याहून वाईट, कारण काऊ-चिऊत निदान घासाकडे लक्ष असतं.

पोह्यांखेरीज छप्पनवर मुलांसाठी सगळ्यात सरस काय, तर खोपरा पॅटिस. बाहेर बटाटा, आत खोबऱ्याचं गोडसर सारण. मोदकावर वाढलेल्या मुलाला आतली चव परकी वाटत नाही. विजय चाटचं नाव त्यासाठी प्रसिद्ध आहे. दोन भाग करून वाफ जाऊ द्यायची. सारणातली उष्णता बटाट्याच्या आवरणात कोंडलेली असते. चटण्या वेगळ्या. एका लहान मुलाला एकाचा अर्धा पुरे. जॉनी हॉटडॉगची रांग मोठी असते आणि मुलांना आवडतंही, पण पाव-बटाट्याची ओळख करून द्यायला इतक्या लांब यायची गरज नाही.

भुट्ट्याचा कीस पावसाळ्यात, कणसं कोवळी असतानाच खावा. किसलेला मका तुपावर हिंग-जिऱ्याच्या फोडणीत परतून दुधात शिजवतात, वरून लिंबू, खोबरं, कोथिंबीर. मऊ, गोडसर, चावायला सोपा. दीड-दोन वर्षांच्या मुलालाही चालतो, फक्त मिरचीचे तुकडे वेचून काढायचे. जून कणसाचा कीस चिकट आणि चरबरीत होतो आणि मग मूल 'गिळत नाही' म्हणतं, त्यात त्याचं खरंच असतं. गराडू हिवाळ्यातला. कंद शिजवून-तळून वर मसाला आणि लिंबू. बाहेर कुरकुरीत, आत मऊ, मुलांना फार आवडतो. पण कच्चट राहिला तर घशाला खाज सुटते आणि ती आठवण पक्की बसते. पहिला तुकडा मोठ्याने खाऊन बघायचा, नख सहज रुततं का ते पाहायचं, मगच मुलाला.

साबुदाण्याची खिचडी इथे वाफेवरची आणि वरून फराळी चिवडा घातलेली मिळते. चिवडा वगळून, दाणे नीट फुललेले असतील तर द्या. मधे पांढरा टिपका दिसला तर नको. शिकंजी मागवताना बाहेरगावचे लोक लिंबूसरबत समजतात. इंदूरची शिकंजी आटीव दुधाची, केशर-सुकामेव्याची, जवळपास रबडीची बहीण. अर्धा ग्लास प्यायलं की चार वर्षांच्या मुलाची भूक तिथेच संपते. ती खाण्याआधी मागवू नका, आणि आत बदाम-पिस्त्याचे जाड तुकडे असतील तर गाळून द्या.

सात-आठ वर्षांनंतर सराफा खुशाल करा, पण नियम बदला. संध्याकाळी सातला घरी थोडा भात-आमटी किंवा पोळी-भाजी खाऊन निघा. भुकेलं मूल पहिल्या गाडीवरच कोसळतं. शनिवार टाळा, साडेआठला पोचा, साडेनऊला बाहेर पडा. आधी एक फेरी फक्त बघत मारायची. मग मुलाने दोन पदार्थ निवडायचे, एक ओळखीचा आणि एक नवा. मोठ्यांनी त्यात बोट घालायचं नाही. सराफ्यातले दहीवडेवाले जोशी दहीवड्याचा द्रोण हवेत उडवून झेलतात तेव्हा मूल खाणं विसरून बघत राहतं, हे छानच आहे. खाण्याची गोडी लागायला असा तमाशा लागतो, आणि वडाही मऊ असतो. ताटलीएवढा जलेबा एकट्या मुलाला घेऊन देऊ नका, चौघांत एक. कढईतून समोर निघालेलं आधी, थंड चटणी-पाण्याचं नंतर किंवा नाहीच. बर्फ आणि कापून ठेवलेली फळं मुलांना नको.

सुट्टीत पुण्याहून किंवा परदेशातून आलेल्या नातवंडांची गोष्ट थोडी निराळी. आजी-आजोबांना पाच दिवसांत सगळं इंदूर खाऊ घालायचं असतं. 'तुझा बाबा तुझ्याएवढा असताना दोन प्लेटी संपवायचा' हे प्रेमाने म्हटलेलं वाक्य मुलाला तुलनेसारखं लागतं. त्याच्या बाबाला ती चव शेकडो सकाळींनी लावली आहे, याला पाच सकाळी मिळणार आहेत. गरोदरपणात आणि अंगावर पाजताना आई जे खाते त्याची चवही बाळापर्यंत पोचते. ज्युली मेनेला यांच्या २००१च्या अभ्यासात ज्यांच्या आयांनी गाजराचा रस घेतला होता त्या बाळांनी गाजराच्या चवीची पेज कमी कुरकुरत खाल्ली. म्हणजे इंदुरात वाढलेली आई पुण्यात माहेरची शेव आणि जिरावण खात राहिली असेल तर नातवाचं निम्मं काम आधीच झालं आहे. उरलेल्यासाठी पाचही दिवस एकच पदार्थ ठेवा, पोहे. पाच दिवसांत पाच पदार्थ चाखवण्यापेक्षा एक पदार्थ पाचदा चाखवलेला टिकतो. परतताना जिरावणाची छोटी पुडी सोबत द्या, म्हणजे मोजणी पुढे चालू राहते.

एका बाबतीत मात्र दोन्ही ठिकाणांना नकार. मुलाला कणकण आहे, पोट बिघडलंय, किंवा गाडीत उलटी होते हे माहीत आहे, तर त्या दिवशी नवा पदार्थ नको. खाल्ल्यानंतर काही तासांनी मळमळलं तरी मेंदू दोष खाण्याला देतो, गाडीला नाही. जॉन गार्सिया यांनी १९५५ साली उंदरांवर हे दाखवलं, आणि १९७८ साली इलीन बर्नस्टीन यांना कर्करोगावर उपचार घेणाऱ्या मुलांतही तेच दिसलं: औषधाआधी दिलेलं वेगळ्या चवीचं आइस्क्रीम मुलं नंतर नाकारू लागली. एकदा बसलेली ही नावड वर्षानुवर्षं टिकू शकते. देवास किंवा उज्जैनहून गाडीने येत असाल तर पोचल्यावर अर्धा तास मुलाला चालू द्या आणि मग पोहे द्या. परतीच्या प्रवासाआधीच्या तासात मालपुवा-रबडी टाळा. निघताना काही द्यायचंच असेल तर साधा भात किंवा केळं, जे त्याने आधी शंभरदा खाल्लेलं आहे. वारंवार खाल्लेल्या ओळखीच्या पदार्थावर अशी नावड सहसा बसत नाही.